अहवाल ‘पॉझिटिव्ह’ आला, म्हणजे आजार आहेच का?

प्रश्न : लक्षणं काहीच नाहीत, तरी सहज केलेल्या तपासणीत एका दुर्मीळ आजाराचा अहवाल ‘पॉझिटिव्ह’ आला. चाचणी ९९ टक्के अचूक आहे म्हणे. झोप उडाली आहे.

उत्तर : आधी कागद-पेन घ्या. समजा, हा आजार हजारात एकाला होतो. हजार जणांना तपासलं तर तो एक बहुधा सापडेलच. पण उरलेल्या ९९९ निरोगी माणसांतले एक टक्का, म्हणजे साधारण १० जणही ‘पॉझिटिव्ह’ ठरतील. अकरा अहवालांत खरा आजारी एकच, जेमतेम ९ टक्के! मी विद्यार्थ्यांना टक्के सोडून माणसं मोजायला लावते, ती याचसाठी. (लक्षणं असती, तर हिशेब बदलला असता.) मात्र डॉक्टरांना विचारून वेगळ्या पद्धतीची दुसरी चाचणी कराच. तितकीच अचूक असलेली तीही ‘पॉझिटिव्ह’ आली, तर शक्यता थेट ९० टक्क्यांवर जाते.