गोचीड तापाचा क्लेम ‘जुना आजार’ म्हणून नाकारला असेल तर

खारघरच्या आपल्या लॅब्रॅडॉरला गोचीड ताप झाला, प्लेटलेट घसरल्या, सलाईन लावावे लागले आणि आता विमा कंपनी ‘आजार पॉलिसीपूर्वीचा आहे’ असे फोनवर सांगत आहे, हे वाचून आमचा गेला पावसाळा आठवला. तेव्हा आमच्या कुत्रीलाही हाच ताप पुन्हा आला होता. आम्ही ठाण्यात येऊरच्या पायथ्याशी राहतो. त्या झाडीतून फिरून आलेल्या कुत्रीच्या कानामागे आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड सापडणे येथे नवलाचे नाही. अर्ज कसा भरावा, बिले कशी जोडावीत हे आपणांस ठाऊक असेलच, म्हणून त्यात शिरत नाही.

आजारापेक्षा आम्हाला अधिक थकवले ते क्लेम पाहणाऱ्या कार्यालयाने. (नाव लिहीत नाही.) तेथे एका वेळी एकच कागद मागितला जाई: आधी लसीकरणाचे पुस्तक, ते दिल्यावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, मग कुत्रीचा मालकासोबतचा फोटो, आणि दर खेपेस फोनवर नवा माणूस, ज्याला आधीचे काहीच ठाऊक नसे. अखेर नकार आला, तोही तोंडी. आधार काय, तर जलद चाचणीत एर्लिकियाची (या तापाच्या जंतूविरुद्ध शरीरात तयार होणारी) अँटिबॉडी आढळली आणि पॉलिसी घेण्यापूर्वी कुत्रीला हाच ताप येऊन गेल्याची नोंद केस पेपरवर होती. वास्तविक ही अँटिबॉडी आजार बरा झाल्यावरही अनेक महिने रक्तात राहू शकते आणि संसर्ग नेमका केव्हा झाला हे तिच्यावरून कळत नाही. शिवाय एकदा ताप येऊन गेला म्हणून पुढे संरक्षण मिळत नाही. नव्या गोचिडीच्या चाव्याने नवा संसर्ग होऊ शकतो. हे त्या कार्यालयात समजून घेणारे कोणी भेटले नाही, आणि ज्यांना पशुवैद्यकातले काही कळत नाही त्यांनी पशूंचे क्लेम का पाहावेत, हा प्रश्न मला अजूनही पडतो.

आमची बाजू सावरली ती एका जुन्या रिपोर्टने. पहिल्या तापाच्या वेळी डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचा चार आठवड्यांचा कोर्स संपल्यावर रक्ततपासणी केली होती आणि तीत प्लेटलेट पूर्ववत झालेल्या दिसत होत्या. तो रिपोर्ट, आणि मधल्या काळात कुत्रीला कोणतीही लक्षणे नव्हती असे डॉक्टरांचे लेटरहेडवरील पत्र, हे दोन कागद एकत्र गेल्यावर प्रकरण हलले. आपल्याकडे असा रिपोर्ट नसल्यास निदान डॉक्टरांचे पत्र तरी घ्यावे, आणि केस पेपरवरील पूर्वेतिहासाची ओळ स्वतः वाचून पाहावी. ‘बरेच दिवसांपासून’ असे मोघम लिहिले असेल तर नेमकी तारीख नोंदवण्याची विनंती करावी. खोटी तारीख मात्र कदापि लिहवून घेऊ नये.

त्याआधी एक गोष्ट करावी, ती म्हणजे नकार लेखी मागणे, पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली तो दिला आहे त्याच्या उल्लेखासह. फोनवरील नकाराविरुद्ध दाद मागणे अवघड जाते. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. एका महिन्यात उत्तर न आल्यास किंवा आलेले उत्तर न पटल्यास विमा लोकपालाकडे (विमा तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जाता येते. तेथे शुल्क नाही, वकील लागत नाही, पण अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत जावे लागते. विमा नियामकाच्या (आयआरडीएआय) ‘बीमा भरोसा’ पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. मी विमा सल्लागार नाही. हे एका ग्राहकाचे मत समजावे.

सलाईनबाबत मात्र फार आशा ठेवू नये. आमचा क्लेम मंजूर झाला, तरी रोज सलाईन लावून संध्याकाळी घरी आणलेल्या दिवसांचा खर्च वगळण्यात आला, कारण पॉलिसीत रात्रभर दाखल असण्याची अट होती. माझ्या मते ज्या पॉलिसीत ही अट आहे ती आपल्या भागात फारशी उपयोगाची नाही, कारण बहुतेक लहान दवाखान्यांत प्राण्यांना रात्री ठेवण्याची सोयच नसते. त्यापेक्षा तेवढाच हप्ता बँकेच्या आवर्ती ठेवीत टाकलेला बरा. महापालिकेचा श्वान परवाना आणि मायक्रोचिपचा क्रमांक पॉलिसीवरील वर्णनाशी जुळतो का, हेही याच निमित्ताने तपासून घ्यावे. लेखी नकार हाती आला की त्यातील कलमाचा मजकूर येथे द्यावा. प्रत्येक पॉलिसीत ‘पूर्वीचा आजार’ वेगळ्या शब्दांत मांडलेला असतो आणि तो वाचल्याशिवाय यापुढे नेमके काही सांगता येणार नाही.