गाडीचा एसी गरम हवा मारतोय? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

ऊन चाळिशीला टेकलं की सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच, एसी लावलाय पण हवा गरम येतेय. यावेळी त्यातलेच काही प्रश्न घेतोय.

सिडकोतून: हॅचबॅक आहे, सात वर्षं जुनी. दर उन्हाळ्यात गॅस भरतो, महिना-दीड महिना मस्त गार आणि मग परत येरे माझ्या मागल्या. गॅस इतक्या लवकर संपतो का?

दादा, एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही हो. तोच गॅस कॉम्प्रेसरमधून (गॅस दाबणारा पंप) कंडेन्सर (उष्णता बाहेर टाकणारी जाळी), तिथून कूलिंग कॉइल (डॅशबोर्डमागे हवा गार करणारी) आणि परत कॉम्प्रेसर असा गोल फिरत राहतो. वर्षानुवर्षांत थोडाफार झिरपतो ते चालतं, पण दीड महिन्यात सिस्टीम रिकामी होतेय म्हणजे चांगलंच लीकेज आहे आणि ते न शोधता जो गॅस भरून देतो त्याला तुम्ही दरवर्षी नव्याने गिऱ्हाईक मिळवून देताय.

इंजिन बंद करून बोनेट उघडा आणि टॉर्च घेऊन एसीच्या ॲल्युमिनियम पाइपांचे जॉइंट नीट बघा. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं, त्यामुळे जिथून गॅस निसटतो तिथे ओशट डाग पडतो आणि त्यावर धूळ बसून काळा चिकट थर तयार होतो. बाकी इंजिन नुसतं धुळीने माखलेलं आणि एकाच जॉइंटला बोट लावलं की तेलकट, तर समजायचं चोर सापडला. कंडेन्सरची जाळी बघा, ती सगळ्यात पुढे असते म्हणून हायवेला उडालेले खडे तिलाच बसतात. गॅस भरायच्या व्हॉल्व्हची टोपी जागेवर आहे का तेही बघा, आतली पिन गळत असेल तर काम स्वस्तात होतं.

बाहेर काहीच दिसलं नाही तर संशय कूलिंग कॉइलवर जातो, आणि तिच्यासाठी बऱ्याच गाड्यांना डॅशबोर्ड खोलावा लागतो, म्हणून आधी पक्की खात्री करून घ्या. मेकॅनिकला सांगा नायट्रोजन भरून प्रेशर टिकतंय का बघ, नाहीतर डाय (यूव्ही उजेडात चमकणारा रंग) टाकून यूव्ही टॉर्च मार. लीकेज काढलं की ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा भाग) बदला, निदान अर्धा तास व्हॅक्यूम करायला लावा म्हणजे आतला ओलावा निघेल, आणि मग गॅस वजन करूनच भरा. किती ग्रॅम आणि कुठला गॅस, आर १३४ए की नवीन गाड्यांतला आर १२३४वायएफ, हे बहुतेक गाड्यांत बोनेटखालच्या स्टिकरवर छापलेलं असतं. अंदाजपंचे जास्त भरला तरी गारवा कमीच होतो हे बऱ्याच जणांना पटत नाही. आणि ते लीकेज बुजवणारं केमिकल मिळतं ना, त्याच्या नादी अजिबात लागू नका, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कॉइलआधीचं गॅसचं बारीक छिद्र) चोक झाला की मूळ लीकेजपेक्षा महागात जातं.

पंचवटीतून: ओझरकडे जाताना एसी एकदम गार, द्वारका सर्कलला अडकलो की गरम. असं का?

गाडी पळते तेव्हा वारा आपोआप कंडेन्सर थंड करतो, उभी राहिली की ते काम फॅनचं. एसी चालू करून समोरून बघा, कंडेन्सरचा फॅन फिरतोय का (हात लांब ठेवा, तो मध्येच सुरू होतो). बंद असेल तर फ्यूज, रिले, मोटर अशा क्रमाने तपासा. फिरतोय तरी गार नाही? मग गाडी उभी असताना एसी चालू ठेवून कंडेन्सरवर साध्या नळीने पाणी मारा. लगेच गारवा वाढला तर उष्णता बाहेर पडत नाहीये, म्हणजे फॅन मंद आहे किंवा जाळीत माती-किडे अडकलेत. काहीच फरक नाही पडला तर गेज (गॅसचं प्रेशर दाखवणारं मीटर) लावून कॉम्प्रेसर बघायला लागेल. जाळी प्रेशर वॉशरने जवळून धुवू नका, पात्या वाकतात.

नाशिक रोडहून: बटणाचा लाइट लागतो, हवा जोरात येते पण बाहेरच्यासारखीच. मेकॅनिक म्हणतोय कॉम्प्रेसर गेला, नवीन टाका. टाकू का?

ताई, थांबा जरा. कॉम्प्रेसरला क्लच (त्याला पुलीशी जोडणारा-सोडणारा चुंबकी भाग) असेल तर बटण दाबल्यावर "टक" असा आवाज येतो आणि पुलीच्या पुढची प्लेट फिरायला लागते (क्लच नसलेल्या नवीन कॉम्प्रेसरला हा आवाज नसतो). प्लेट फिरत नसेल तर कॉम्प्रेसरचा दोष असेलच असं नाही. गॅस फार कमी झाला की प्रेशर स्विच मुद्दाम क्लचला करंट देत नाही, नाहीतर तेलाअभावी कॉम्प्रेसर जाम होईल. म्हणून आधी गॅसचं प्रेशर, मग फ्यूज-रिले, मग क्लचच्या वायरला करंट येतोय का ते बघायला सांगा. करंट येतोय, प्रेशर आहे आणि तरी प्लेट ओढली जात नाही, तर क्लचची कॉइल किंवा गॅप, आणि बऱ्याच कॉम्प्रेसरला ती कॉइल वेगळी बदलता येते. प्लेट फिरतेय पण जाड पाइप गार नाही आणि बारीक गरम नाही, गॅसही पुरेसा आहे, तेव्हाच कॉम्प्रेसरचं नाव घ्यायचं. कुणी प्रेशर स्विचला जंपर मारून (म्हणजे स्विच टाळून थेट वायर जोडून) "बघा चालू झाला" म्हणालं तर गाडी तिथून काढा.

सिन्नरहून: मुंबईहून येताना कसारा घाटात एसी गरम होतो, वर आलं की ठीक.

पाय पूर्ण दाबलेला असताना काही गाड्यांचा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) इंजिनला ताकद मिळावी म्हणून कॉम्प्रेसर थोडा वेळ बंद करतो, तेवढं नॉर्मल आहे. पण टेंपरेचरचा काटा वर जात असेल तर इंजिन तापतंय म्हणून एसी बंद होतोय, तेव्हा एसीवाल्याकडे नको, कूलंट आणि रेडिएटर बघायला न्या.

गंगापूर रोडवरून: ड्रायव्हरकडून गरम, शेजारून गार हवा येते.

दोनपैकी एक. डॅशमधून टिकटिक ऐकू येत असेल तर गरम-गार हवा मिसळणाऱ्या आतल्या फ्लॅपची मोटर. नसेल तर गॅस कमी, कॉइल अर्धीच गार होतेय, आणि मग वरचं पहिलं उत्तर परत वाचा.