डबे मोजा, मग सुताराला बोलवा : किचन स्टोरेजची प्रश्नोत्तरे

किचनमधल्या साठवणीचे प्रश्न बरेच जमलेत. आज त्यातले पाच घेतेय, जे सगळ्यांच्याच उपयोगाचे आहेत.

प्रश्न : ताई, डोंबिवलीला वन बीएचके घेतलाय, किचन ८ बाय ७ फूट. एक सुतार म्हणतो टॉल युनिट, म्हणजे जमिनीपासून उंच उभं कपाट, करा, दुसरा म्हणतो ओट्याखाली ट्रॉल्याच पुरतील. कोणाचं ऐकू?

दोघांचंही ऐकायच्या आधी घरातले सगळे डबे बाहेर काढून हॉलमध्ये जमिनीवर मांडा आणि मोजा. वर्षाचे गहू भरता, महिन्याचा किराणा आणता की दर आठवड्याला ॲपवरून मागवता, सगळं त्यावर ठरतं. हिशोब सोपा आहे, एक लिटरच्या डब्यात गहू किंवा तांदूळ साधारण ७५० ते ८०० ग्रॅम मावतात, म्हणजे २५ किलो गव्हाला ३२-३३ लिटरची कोठी हवी. ती ट्रॉलीत जात नाही, तिला ओट्याखाली जमिनीवर मोकळा कप्पाच लागतो, आणि प्लॅन काढताना तो कोणी धरत नाही म्हणून मग कोठी शेवटी बेडरूममध्ये पलंगाशेजारी जाऊन बसते.

टॉल युनिट वाईट नाही, पण ते साधारण २ फूट खोल असतं आणि एवढ्या किचनमध्ये ते ओट्याचीच जागा खातं. शिवाय आत सरकणारे रॅक नसतील, नुसत्या फळ्या असतील, तर मागचं सामान मागेच राहतं. मध्यंतरी एका घरी असं युनिट रिकामं करत होते, पुढे साबुदाण्याचा डबा, त्याच्यामागे साबुदाण्याचं पाकीट, आणि अगदी भिंतीला टेकून आणखी एक पाकीट, तळाला पीठ झालेलं आणि जाळी धरलेली. दर उपासाला नवीन आणलं गेलं, कारण आधीचं दिसलंच नाही. असं अन्न टाकून देताना त्या बाईंना फार वाईट वाटत होतं, आणि चूक त्यांची नव्हती, कपाटाची होती.

तुमच्या जागी मी फ्रिजशेजारच्या किंवा दारामागच्या रिकाम्या भिंतीवर खालपासून वरपर्यंत १० इंच खोलीचं कपाट केलं असतं. ५ किलोचा डबा ८-९ इंच रुंद असतो, म्हणजे एका फळीवर एकच रांग, मागे काही लपतच नाही. आपल्या जुन्या घरांतली भिंतीतली फडताळं अशीच उथळ असायची आणि आजीला अंधारातही जिऱ्याचा डबा सापडायचा. फक्त सगळ्या फळ्या सारख्या अंतरावर ठोकू देऊ नका, डब्याची उंची अधिक २-३ इंच, म्हणजे हात घालून डबा उचलता येतो.

प्रश्न : आम्ही रत्नागिरीला असतो. आधीच्या किचनचं प्लाय पाच पावसाळ्यांत फुगलं, ट्रॉल्या गंजल्या. आता नवीन करताना काय बघायचं?

सिंकखाली लाकूड नकोच, कितीही भारी असलं तरी. तिथे उभे कडाप्पे किंवा ग्रॅनाइटचं पार्टिशन घ्या, ट्रॉली सरकते तो चॅनल थेट त्यालाच बसतो, आणि लाकूड येईल ते फक्त पुढच्या दारापुरतं. खाली पाणी ओतून धुता आलं पाहिजे, आपल्याकडे ओटा धुतला की पाणी खाली जातंच.

बाकी ठिकाणी प्लाय घेताना त्यावर आयएस ७१० चा शिक्का बघा, तो मरीन, म्हणजे ओलाव्यात टिकणाऱ्या, प्लायचा असतो. नुसतं 'वॉटरप्रूफ आहे मॅडम' यावर जाऊ नका. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेले बोर्ड, कोकणात तरी घेऊ नका, कडेच्या पट्टीतून एकदा पाणी शिरलं की बोर्ड फुगतो आणि पुन्हा जागेवर बसत नाही. ट्रॉलीचं स्टील ३०४ ग्रेडचं मागा. स्वस्त ट्रॉल्या बऱ्याचदा २०२ च्या असतात, त्यात निकेल कमी असतं आणि खाऱ्या हवेत त्यावर लवकर ठिपके पडतात. दुकानात लोहचुंबक लावून दाखवतात त्यावर विश्वास ठेवू नका, दोन्ही ग्रेडना चुंबक जवळपास चिकटतच नाही, त्यामुळे त्यातून काही कळत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या.

आणि ओल येणाऱ्या भिंतीला कपाटाची पाठ चिकटवू नका, इंचभर तरी हवा खेळू द्या. मीठ चिनी मातीच्या बरणीतच ठेवा. मे महिन्यात धान्याला ऊन दाखवता ना, ते पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, गरम भरलं तर झाकणाला आतून पाणी धरतं आणि मग जुलैत कुबट वास येतो.

प्रश्न : महागातले एअरटाइट डबे घेतले तरी रव्यात आणि डाळीत किडे होतात. असं कसं?

कारण बऱ्याचदा अंडी धान्याबरोबरच घरात येतात, बाहेरून शिरत नाहीत. घट्ट झाकणामुळे एका डब्यातले किडे दुसऱ्यात जात नाहीत एवढाच फायदा, पण तोही मोठा आहे. रवा, मैदा, बेसन आणलं की पाकिटासकट ४ दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, बाहेर काढून पाकीट न उघडता नेहमीच्या तपमानाला येऊ द्या, मग भरा. आणि जुन्या रव्यावर नवा ओतायची सवय मोडा, डबा संपू दे, धुऊन कडक वाळवा, मग नवा भरा. म्हणूनच मी १० किलोच्या एका डब्याऐवजी ५ चे दोन घ्या म्हणते, एक संपेपर्यंत दुसऱ्याला हात लागत नाही.

प्रश्न : आई ७२ वर्षांची आहे, सोलापूरला एकटीच असते, गुडघे दुखतात. तिला वाकायला आणि स्टुलावर चढायला लागू नये असं काय करता येईल?

हा प्रश्न वाचून खूप बरं वाटलं, कारण बहुतेक जण आधी शटरचा रंग विचारतात. आईंना ओट्यासमोर उभं करा आणि गुडघा ते खांदा एवढी पट्टी भिंतीवर पेन्सिलने आखा. रोजचं सगळं त्या पट्टीत. त्याच्या वर आणि खाली फक्त वर्षातून दोनदा लागणारं, चकलीचा सोऱ्या, मोठी पातेली वगैरे, आणि ते काढायला दुसरं कोणीतरी येईल असंच धरा.

ओट्याखाली दाराची कपाटं नकोत, बाहेर येणारे ड्रॉवर करा, म्हणजे वाकून आत डोकं घालावं लागत नाही. हँडल लांब आणि जाड घ्या, बोटं दुखत असतील तर आतल्या बाजूला वळलेली पट्टी धरता येत नाही. वरची कपाटं १२ इंचांपेक्षा खोल नकोत. ओट्याची उंची आईंच्या कोपरापेक्षा साधारण ४ इंच खाली, मग ती ३० इंच आली तरी चालेल, सुतार म्हणेल स्टँडर्ड नाही, म्हणू दे. आणि तेलाचा १५ किलोचा डबा घरात आणूच नका, ५ लिटरचे कॅन घ्या.

प्रश्न : सिलेंडर ट्रॉलीच्या दाराआड बंद केला तर चालतो का? दिसायला छान दिसतं.

हवाबंद कप्प्यात अजिबात नको. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तो खाली साठतो, म्हणून दाराला खालच्या बाजूला जाळी किंवा भोकं हवीतच. नुसती वर देऊन उपयोग नाही. सिलेंडर उभाच राहिला पाहिजे, आणि दार उघडल्यावर एका हाताने रेग्युलेटर बंद करता आला पाहिजे, पुढे बादली, कांद्याची टोपली असं काही नको. भरलेला सिलेंडर ३० किलोच्या आसपास जातो, तो ओढून फरशीवर ओरखडे पडतात, त्याला चाकांचा स्टँड घ्या. दोन सिलेंडर असतील तर दुसऱ्याची जागा आत्ताच सुताराला दाखवून ठेवा.