तारेवरची पत्रं उतरवू नका, आधी क्रम लिहून घ्या

नागपूरच्या महाल भागातला वाडा रिकामा करताना पत्र्याच्या ट्रंकेत तारेला लावलेली चाळीसेक पोस्टकार्डं आणि काळ्या पानांचा अल्बम सापडला, असं तुम्ही लिहिलंय. आजोबा दुसऱ्या महायुद्धात पलटणीत होते, कामठीला भरती झाले, याहून जास्त घरात कुणाला माहीत नाही. आणि पत्रं वाचून तुमची निराशा झाली, कारण सगळीकडे 'मी खुशाल आहे, आपली खुशाली कळवावी' एवढंच. आता सगळं सुटं करून स्कॅन करायचं आणि मूळ कागद लॅमिनेट करून टाकायचे, असा तुमचा बेत आहे.

कृपा करून थांबा. तारेला हात लावू नका.

पूर्वी घरात आलेलं पत्र वाचून झालं की तारेच्या आकड्यात खोचायचे. सगळ्यात खालचं सगळ्यात जुनं. तुमच्याकडे चाळीस कार्डं ज्या क्रमानं घरात आली त्याच क्रमानं आजही उभी आहेत. पुष्कळ शिक्के पुसट झालेले असतील, तारखा वाचता येणार नाहीत, तेव्हा हा क्रमच कामी येतो. एकेक कार्ड सरकवून दोन्ही बाजूंचे मोबाइलवर फोटो घ्या, वहीत आकडा टाका, आणि मगच तार सोडवा. तार गंजली असेल तर ती कापा, कार्ड ओढू नका.

हे मी इतकं आग्रहानं सांगतोय कारण आमच्या घरी मला जे सापडलं ते या तारेमुळेच.

माझे आजोबा सप्लाय खात्यात होते, बहुतेक काळ मध्यपूर्वेत. आमच्या तारेवर एकतीस कार्डं होती, सगळी पणजोबांच्या नावानं. 'तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार' पासून 'घरातील सर्व मंडळीस यथायोग्य' पर्यंत. आजीचं नाव एकाही कार्डावर नाही. त्या काळी कार्ड पोस्टमनपासून अख्ख्या वाड्यापर्यंत सगळे वाचायचे, बायकोला त्यात लिहिणार काय! पणजोबांना एक चांगली सवय होती: कार्ड आलं की कडेला मोडी लिपीत 'पावले' लिहून तिथी टाकायची. शके १८६४ असं दिसलं की त्यात ७८ मिळवा, १९४२ येतं. जानेवारी ते मार्चमधल्या तिथीला मात्र ७९ मिळवायचे.

क्रम लावताना दिसलं की १९४२ च्या ज्येष्ठानंतर थेट कार्तिकात पुढचं कार्ड. मधला अख्खा पावसाळा कोरा. मी महिनोन् महिने समजत होतो की आजोबा तिकडे लढाईच्या धुमश्चक्रीत सापडले असतील. मग आजीच्या करंड्याच्या तळाशी, जुन्या रेशमी खणाखाली, घडी करून ठेवलेलं एक कार्ड मिळालं. चार घड्या घातलेलं, घडीवर हळदीचा डाग. आणि त्याला तारेचं भोक नव्हतं. म्हणजे ते तारेवर कधी गेलंच नाही. पणजोबांच्या हातून ते आजीकडे आलं आणि तिनं ते परत दिलं नाही.

मजकूर तोच. खुशाल आहे, काळजी नसावी. पण त्यावर फील्ड पोस्टाचा, म्हणजे फौजेच्या टपालाचा, शिक्का ऑगस्ट १९४२ चा, आणि पणजोबांच्या हातची तिथी आश्विन वद्यातली, दिवाळीच्या तोंडावरची. कार्डाला जवळपास तीन महिने लागले होते. आजोबांनी लिहिणं थांबवलं नव्हतं. समुद्रावरची डाक त्या काळात रखडायचीच, पण त्याच ऑगस्टात आपल्या सीपी अँड बेरारमध्ये, म्हणजे मध्य प्रांत-वऱ्हाडात, काय चाललं होतं ते आठवा. १६ ऑगस्टला, नागपंचमीला, चिमूर आणि आष्टीला रक्त सांडलं. देशभर टेलिग्राफच्या तारा तोडल्या जात होत्या, रूळ उखडले जात होते, पोस्ट ऑफिसं जळत होती. मला वाटतं डाक इथेच कुठेतरी अडली. नवरा परक्या मुलखात सरकारच्या फौजेत, दारात त्याच सरकारविरुद्धचं आंदोलन, आणि चार महिने पत्र नाही. तेव्हा आजी अठरा वर्षांची होती. तिनं याबद्दल कधी एक शब्द काढला नाही. मला ते बिनभोकाच्या कार्डानं सांगितलं.

तेव्हा तुमच्या तारेवरही आधी हे पाहा: खंड कुठे पडलाय, आणि कुठलं कार्ड तारेबाहेर ट्रंकेत, देव्हाऱ्यात, पोथीत सापडतंय. कार्डाचे कोपरेही पाहा. मयताची बातमी असलेल्या कार्डाचा कोपरा फाडायची रीत होती. आमची आत्या सांगायची की पोस्टमन दिसला की आजी मजकुराआधी कोपरे मोजायची.

'खुशाल आहे' पलीकडे काही का नाही, तर सेन्सॉर. जागेचं नाव, पलटणीच्या हालचाली, काहीही लिहायला मनाई होती. पलटणीतला अधिकारी पत्र वाचून खाली सही करायचा आणि शिक्का मारायचा. ती इंग्रजी सही कुणा मित्राची समजू नका. काही कार्डांवर काळी शाई फासलेली असेल, ती खरवडू नका. अक्षर कार्डागणिक बदलत असेल तर आजोबा दुसऱ्याकडून लिहून घेत होते असं समजा, शिपायांमध्ये ते सर्रास चालायचं. रोमन लिपीतलं एखादं कार्ड इंग्रजी वाटूनही वाचता येत नसेल, तर मोठ्यानं वाचून पाहा. फौजेत रोमन लिपीत हिंदुस्थानी शिकवत असत.

फील्ड पोस्टाच्या शिक्क्यातला नंबर नीट उतरवून घ्या. ते पोस्ट फौजेबरोबर फिरायचं, त्यामुळे नुसत्या नंबरानं ठिकाण कळत नाही, नंबर आणि तारीख दोन्ही लागतात. टपाल-संग्राहकांकडे याच्या याद्या असतात, त्यांना विचारा.

सगळ्यात मोलाची ओळ मात्र पाठवणाऱ्याची: नंबर, हुद्दा, नाव. युद्ध संपेपर्यंत हिंदी फौज पंचवीस लाखांच्या घरात गेली होती, त्यात नुसत्या नावानं माणूस सापडत नाही, नंबरानं सापडतो. कामठीला भरती यावरून पलटण ठरवू नका. छावणी १८२१ पासूनची आहे, युद्धकाळात महार रेजिमेंटची दुसरी पलटण तिथे उभी राहिली हे खरं, पण भरती झालेला माणूस कुठेही जायचा. पलटण कळली की तिच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहायचं. मराठा लाइट इन्फंट्री असेल तर बेळगाव, महार रेजिमेंट असेल तर मध्य प्रदेशातलं सागर, बॉम्बे सॅपर्स असेल तर खडकी. नागपुरातल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही चौकशी करा. आणि घरात पदकं असतील तर भिंग घेऊन बसा. आपल्या शिपायांना दिलेल्या पदकांवर नंबर आणि नाव कोरलेलं असायचं, गोल पदकाच्या कडेवर, ताऱ्याच्या आकाराच्या पदकाच्या मागच्या बाजूला. कित्येक घरांत ही पदकं मुलांच्या खेळण्यात गेली, तुमच्याकडे एक जरी उरलं असेल तर नशीब.

आता फोटो. लॅमिनेशन अजिबात नको, ते परत काढता येत नाही. आमच्याकडे आजी-आजोबांचा एकच जोडफोटो होता. एका फ्रेमवाल्यानं तो फ्रेममध्ये बसावा म्हणून कडा कापल्या आणि पाठीवर सरस लावून पुठ्ठ्याला चिकटवला. स्टुडिओचं नाव, मागचा शिक्का, कदाचित तारीख, सगळं गेलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून आधी फोटोची पाठ पाहा. स्टुडिओचा रबरी शिक्का, पेन्सिलीची नोंद, कागदाच्या कंपनीचं वेलॉक्स किंवा लुपेक्स असं फिकट छापलेलं नाव. काळ्या भागावर निळसर चंदेरी झाक दिसली तर ती बुरशी नाही, कागदातली चांदी वर आलेली असते, पुसू नका. गणवेशातल्या फोटोत बाहीवरच्या पट्ट्या मोजा: एक लान्स नाईक, दोन नाईक, तीन हवालदार. दोन फोटोंत पट्ट्या वाढलेल्या दिसल्या तर कुठला आधीचा तेही ठरलं.

स्टुडिओतल्या घड्याळावर, कोटावर, खुर्चीवर मात्र विश्वास ठेवू नका. आमच्या आत्याला फोटो दाखवला तर ती पटकन म्हणाली, 'अरे, तो कोट त्याचा थोडीच होय, बर्डीच्या स्टुडिओवाल्याचा होता. सगळ्या वाड्याचे फोटो त्याच कोटात आहेत.'

माळ्यावर काही ठेवू नका, मे महिन्यात पत्र्याखाली काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. सेलोटेप नको, पाठीवर बॉलपेननं लिहिणं नको, मऊ पेन्सिल घ्या.

तुमच्या आत्या सत्त्याऐंशीच्या आहेत आणि धरमपेठेत राहतात असं तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय. माझ्या मते सुरुवात तिथूनच. स्कॅनर पुढच्या महिन्यात आला तरी चालेल. येत्या रविवारी सकाळी, त्या ताज्या असताना, अल्बम घेऊन जा. एका वेळी एकच फोटो समोर ठेवा आणि मोबाइलवर आवाज टिपत राहा. 'हे कोण?' असं विचारलं की फक्त नावं मिळतात. 'हे लुगडं कुणाचं?', 'हा ओटा कुठला?', 'फोटो काढायला तुम्ही कशानं गेला होतात?' असं विचारा. आणि आजी पत्रं कुठे ठेवायची, तेही विचारून घ्या.