सांबारवडी, एअर फ्रायर आणि तेलाचे प्रमाण

प्रश्न : सासऱ्यांना डॉक्टरांनी तळणीचे खाणे कमी करायला सांगितल्यामुळे आम्ही एअर फ्रायर घेतला. त्यात सांबारवडी (कोथिंबिरीचे सारण भरलेली वडी) पहिल्यांदा अजिबात तेल न लावता केली, तर आवरण पांढरट राहून तडकले. पुढच्या वेळी सढळ हाताने तेल लावले, तर धूर झाला आणि वड्याही तेलकट लागल्या. नेमके किती तेल लावावे? आणि त्यासाठी जवसाचे किंवा घाणीचे तेल चालेल का?
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : आपल्या दोन्ही अनुभवांचे कारण यंत्राच्या रचनेत आहे. कढईत वडी तेलात बुडते आणि तिला सर्व बाजूंनी सारखी आच लागते. एअर फ्रायरमध्ये मात्र वरच्या कॉइलने तापलेली हवा पंखा वेगाने फिरवतो, आणि हवा तेलाइतक्या चटकन उष्णता पोहोचवत नाही. वडीवर तेलाचा पातळ थर असेल तर पीठ कोरडे न पडता खरपूस होते. त्या थराहून जास्त झालेले तेल वडीत मुरते किंवा जाळीतून खालच्या तापलेल्या भांड्यात ठिबकून जळते, आणि धूर होतो तो त्याचाच.

बोटाएवढ्या दहा-बारा वड्यांना बाहेरून एक छोटा चमचा, म्हणजे 5 मिलिलिटर तेल पुरते. ते आधी वाटीत मोजून घ्यावे, कारण बाटलीतून थेट ओतले की अंदाज हमखास चुकतो. निम्मे तेल ब्रशने सुरुवातीला लावावे आणि उरलेले वड्या उलटताना. वडीवर चकाकी दिसावी, पण तिच्याखाली थेंब साचू नये, इतकेच तेल हवे. यंत्र आधी तापवून 180 अंशांवर बारा ते पंधरा मिनिटे ठेवावे आणि वड्यांची जोडाची बाजू प्रथम खाली असू द्यावी.

आवरण तडकण्याचे खापर मात्र केवळ बाहेरच्या तेलावर फोडता येणार नाही. बेसन आणि कणकेच्या एक वाटी मिश्रणाला दोन छोटे चमचे कडकडीत तेलाचे मोहन घालावेच; तेथे काटकसर केली तर वरून कितीही तेल लावले तरी वडी खुसखुशीत होत नाही. सांबार, म्हणजे कोथिंबीर, धुतल्यावर कापडावर पसरून पूर्ण कोरडा करावा, नाहीतर आत कोंडलेली वाफ आवरण फोडूनच बाहेर पडते. खसखस आणि खोबरे तेलाशिवाय कोरडेच भाजता येते.

जवसाचे तेल येथे वापरू नये. न शुद्ध केलेले जवसाचे तेल सुमारे 107 अंशांवरच धुरावू लागते. ते चटणीवर कच्चे घेणेच उत्तम. घाणीच्या शेंगदाणा तेलाचा धूरबिंदू साधारण 160 अंश असल्याने 180 अंशांवर तेही मानवत नाही. रिफाइंड शेंगदाणा किंवा राइस ब्रान तेल सुमारे 230 अंशांपर्यंत टिकते, म्हणून या कामाला तेच घ्यावे. लेसिथिन (तेल आणि पाणी एकजीव ठेवणारा पदार्थ) असलेले तेलाचे डबाबंद फवारे टाळावेत, कारण त्यांचा चिकट थर जाळीच्या नॉनस्टिक लेपावर बसतो आणि घासूनही सहजी निघत नाही.

इतर पदार्थांना हेच माप लावू नये. अर्धा किलो बटाट्याच्या कापांना, भिजवून नीट पुसल्यावर, दोन ते तीन छोटे चमचे तेल लागते. गोठवलेल्या फ्राइज मात्र कारखान्यातच तळून येत असल्याने त्यांना वेगळे तेल नको. पातळ पिठातली भजी या यंत्रात करूच नयेत, कारण आवरण धरण्याआधीच पीठ ओघळते.

सासऱ्यांच्या पथ्याचा हिशेब करताना मोहनाचे तेलही धरावे, ही विनंती. एका छोट्या चमच्यात साधारण 40 कॅलरी असतात, म्हणून दिवसभरात एकूण किती तेल चालेल हे डॉक्टरांना विचारून त्यांच्या वाट्याच्या वड्या ठरवाव्यात. या वड्या कढीबरोबर गरमच वाढाव्यात. निवून चिवट झाल्या तर 160 अंशांवर तीन मिनिटे ठेवाव्यात, त्या वेळी पुन्हा तेल लावण्याची गरज नसते.