डोंगरात ३० गुंठे घेतलेत, लाकडी केबिन टाकू का?

पुण्याच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. जावळी तालुक्यात बामणोलीच्या बाजूला उतारावरची ३० गुंठे जागा घेतली, खरेदीखत झालं, फेरफार मंजूर झाला, नाव लागलं, आता तिथं छोटी लाकडी केबिन टाकून महिन्यातून दोन वीकेंड निवांत राहायचंय. एजंट म्हणतो लाकडाची आहे, आरसीसी नाही, परमिशन लागत नाही. सोबत सातबाऱ्याचा फोटो.

साहेब, लाकूड की सिमेंट हा मुद्दाच नाही हो, जमिनीचा वापर शेती सोडून राहण्यासाठी झाला की परवानगी आलीच, मग तो कंटेनर आणून ठेवा नाहीतर चाकावरचं घर. तुमचं नाव गावाकडच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून आधीपासून आहे, त्यामुळे शेतकरी असल्याचा प्रश्न सुटला, नाहीतर कूळकायद्याच्या कलम ६३ खाली खरेदीच अडचणीत आली असती.

आता फार्महाऊस म्हणून करू म्हणाल तर त्याला किमान ०.४ हेक्टर लागतं, म्हणजे साधारण ४० गुंठे. तुमचे १० कमी पडतात. दुसरा रस्ता एनए चा, म्हणजे जमीन बिगरशेती करून घ्यायचा, पण तिथं उतार आडवा येतो, १:५ पेक्षा जास्त चढ असेल (५ फूट पुढं गेल्यावर १ फूट वर) तर बांधकामाला परवानगी मिळत नाही. आणि जेसीबी लावून सपाट करून घेऊ हा विचार डोक्यातून काढा, विनापरवाना मुरूम काढला तर बाजारभावाच्या ५ पटीपर्यंत दंड होतो आणि मशीन जप्त होतं ते वेगळं. तिथल्या बऱ्याच गावांना नवीन महाबळेश्वर प्रकल्पामुळे एमएसआरडीसी (राज्य रस्ते विकास महामंडळ) हे नियोजन प्राधिकरण आहे, म्हणजे बांधकाम परवानगी तेच देतं, तुमचं गाव त्यात असेल तर ग्रामपंचायतीचा दाखला काही कामाचा नाही.

पण हे सगळं नंतरचं. फोटोत इतर हक्काच्या रकान्यात बारीक अक्षरात "वन" असा शेरा आहे, तो तुम्ही बघितला का? एजंटने बघितला असणार, अशा वेळी ही मंडळी फोटो तिरका काढतात. खाजगी वनांच्या १९७५ च्या कायद्याने अशा जमिनी ३० ऑगस्ट १९७५ लाच सरकारजमा झाल्या, मग खरेदीखत कितीही पक्कं असो, विकणाऱ्याकडे विकायला काही होतं का हाच प्रश्न उभा राहतो, आणि फेरफार मंजूर झाल्याने मालकी सिद्ध होत नाही, ती महसुलाची नोंद आहे फक्त. हां, नुसत्या शेऱ्याने घाबरू नका. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने गोदरेजच्या केसमध्ये सांगितलंय की भारतीय वन कायद्याच्या कलम ३५(३) ची नोटीस, जिच्यावरून जमीन खाजगी वन धरली जाते, नुसती काढून भागत नाही, ती मालकावर बजावलेली हवी. म्हणून तो शेरा कुठल्या फेरफाराने आला त्या जुन्या फेरफाराची नक्कल तलाठ्याकडून काढा, आणि नोटीस, ती बजावल्याची पोच, दोन्ही आहे का हे उपवनसंरक्षकांकडे माहिती अधिकारात मागा.

मोजणीचा अर्ज आजच टाका, नंबर यायला वेळ लागतो. झाडं तोडू नका, करवंदाच्या जाळ्या राहू द्यात. शेजारचे १० गुंठे मिळत असतील तर ४० चा हिशोब जमतो खरा, पण वनखात्याचं उत्तर हातात आल्याशिवाय शेजाऱ्यांना टोकन देऊ नका.