मदतनिधीसाठी कार्यक्रम करायचा आहे. लोकांना मजा यावी आणि पैसेही जमावेत, तर काय करावं?

स्टेजवरचे सत्कार बंद करा. निम्मं काम तिथेच होतं.

तावातावाने लिहितेय, कारण आमच्या परळच्या चाळीत यावरूनच दोन तट पडले होते. टाटा हॉस्पिटलला गावाहून आलेले पेशंट आणि त्यांची माणसं फुटपाथवर दिवस काढतात, हे आम्ही येता-जाता बघतो. त्यांच्या औषधपाण्यासाठी मंडळाने नाट्यगृह घेऊन ऑर्केस्ट्रा ठेवला. तिकिटं घरोघरी गळ्यात मारली. मग दीपप्रज्वलन, पाहुण्यांची ओळख, शाल, श्रीफळ, मनोगत. पहिलं गाणं लागलं तेव्हा पोरं मांडीवर झोपली होती आणि लांबची लोकल पकडणारे निघून गेले होते. हिशेब आला तर शाली आणि स्मृतिचिन्हांचा खर्च औषधांना गेलेल्या रकमेपेक्षा जास्त! तो कागद मी सभेत मोठ्याने वाचला. अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, सत्कार नाही केला तर देणगीदार पुढच्या वर्षी दारात उभं करणार नाहीत."

पुढच्या वर्षी आम्ही बायकांनीच सूत्रं घेतली. पटांगणात हाउजी आणि खाण्याचे स्टॉल, बस्स. मंडपाचं बिल नाक्यावरच्या सोनाराने दिलं, तेल-बेसन वाण्याने. खर्च असा आधीच कोणाच्या तरी नावावर टाकला की तिकिटाचा रुपया न् रुपया कामाला जातो. पहिल्या मजल्यावरच्या काकूंची कोथिंबीर वडी झाऱ्यातून ताटात पडायच्या आत संपत होती. आकडे पुकारायला दहावीतला एक पोरगा: "सतरा! सतरा नंबरच्या खोलीने अजून मेंटेनन्स भरलेला नाही!" अख्खी चाळ हसत होती, सतरा नंबरवालेसुद्धा. जिन्यापाशी फळा ठेवला होता, दर अर्ध्या तासाने त्यावर खडूने जमा रक्कम लिहायची. आकडा पुढे सरकलेला दिसला की लोक पुन्हा तिकीट घ्यायचे. भाषण एकही नाही. आणि पेशंटला माइकसमोर उभं करून रडवायचं तर मुळीच नाही, हे मी आधीच बजावलं होतं.

सोनार पुढच्या वर्षी स्वतःहून आला, शालीशिवाय. अध्यक्ष अजून म्हणतात, कार्यक्रमाला भारदस्तपणा नव्हता. नसू दे. औषधांना किती गेले, ते बोला.

आता तुमच्यासाठी. तुमच्याकडे पटांगण नसेल तर नाटकाचा प्रयोग विकत घेणं हाही चांगला मार्ग आहे, पण तिकिटं खपवणारी माणसं आधी मोजा. तुमची संस्था नोंदणीकृत न्यास, म्हणजे ट्रस्ट, नसेल, तर वर्गणी गोळा करण्याआधी धर्मादाय आयुक्तांकडून महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 41क खाली परवानगी घ्या; मुंबईचं कार्यालय वरळीला आहे. लाउडस्पीकरला पोलिसांची परवानगी लागते आणि रात्री 10 ला बंद करावा लागतो, म्हणून संध्याकाळी 5 लाच सुरू करा. करसवलत हवी असलेल्या देणगीदाराकडून 2,000 रुपयांवर रोख घेऊ नका, चेक किंवा यूपीआय घ्या. फेब्रुवारी-मार्च टाळा, घरोघरी परीक्षा असतात. आणि कमिटीत कोणी सत्काराचा हट्ट धरलाच, तर शालीचे पैसे त्याच्याच खिशातून घ्या.